माड घरावर कोसळला, आता भाटकार म्हणतो जागा सोडा

प्रश्न : आम्ही काणकोण तालुक्यात राहतो. घर मातीच्या भिंतींचे, वर मंगळोरी कौले. मे महिन्याच्या शेवटी झालेल्या वादळात शेजाऱ्याच्या भाटातला (बागायतीतला) माड आमच्या छपरावर पडला. पुढच्या खोलीचे छप्पर गेले, एक भिंत फुगून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तलाठी आले, पंचनाम्यावर ‘अंशतः नुकसान’ असे लिहिले. आम्ही सही केली, पण प्रत मिळाली नाही. घरपट्टी वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. ते मुंडकार होते, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारे. आता भाटकार म्हणतो, हे घर राहण्यासारखे उरले नाही, पन्नास हजार घ्या आणि जागा सोडा. त्याने कागदही तयार करून आणला आहे. एका वकिलांनी वीस हजार सांगितले, ते आमच्याकडे नाहीत. नवऱ्याची मोटारसायकल माडाखाली चेपली. शेजाऱ्याचा आणखी एक माड घराकडे कललेला आहे. कागदपत्रे भिजली. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : ताई, भाटकाराने आणलेल्या कागदावर सही करू नका. घरातल्या कुणालाही करू देऊ नका, वेगळे राहणाऱ्या दिरालाही नाही. भांडणात पडू नका. ‘वकिलाला दाखवून कळवतो’ एवढेच सांगा आणि जमल्यास त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्याचा पुढे तुम्हालाच उपयोग होईल. तुमचा त्या जागेवर काहीच हक्क नसता, तर ती सोडण्यासाठी पन्नास हजार देऊ करायला कुणी आले नसते.

दुसरे तातडीचे काम म्हणजे तो कललेला माड. आजच पंचायतीला आणि उपजिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. माड कुठल्या सर्व्हे नंबरच्या जागेत आहे, घरापासून किती मीटरवर आहे, कुठल्या बाजूला कलला आहे आणि त्या बाजूच्या खोलीत कोण झोपते, हे सगळे लिहा. सोबत फोटो जोडा. पडून इजा करू शकेल असे झाड हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी मालकाला देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये तसा अधिकार आहे. अर्जाची एक प्रत शेजाऱ्यालाही पोचवा. पहिला माड पडला तेव्हा ‘वाऱ्याने पडला, माझा काय दोष’ असे तो म्हणू शकतो, आणि आधीची लेखी तक्रार नसेल तर त्याच्याकडून भरपाई मिळवणे खरेच अवघड आहे. लेखी सूचना मिळाल्यावर दुसऱ्या माडाबाबत त्याला तसे म्हणता येणार नाही. आदेश येईपर्यंत त्या बाजूच्या खोलीत कुणालाही झोपवू नका.

आता वकिलाबद्दल. वीस हजारांची जुळवाजुळव करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला द्यायचा याची यादी आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि सामूहिक आपत्ती, पूर, दुष्काळ, भूकंप अशा संकटात सापडलेले लोक त्या यादीत येतात. उत्पन्नाची अट हा यादीतला वेगळा निकष आहे, या गटांना ती लागू नाही. पण इथे एक बारकावा आहे, आणि अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते त्यावरून ठरवा. वादळात एकट्यादुकट्या घरावर झाड पडले, तर ती ‘सामूहिक आपत्ती’ आहे का यावर टेबलापलीकडचा माणूस अडू शकतो. महिला म्हणून तुमचा हक्क मात्र कुणी नाकारू शकत नाही. म्हणून अर्ज नवऱ्याच्या नावाने नको, तुमच्या नावाने करा. त्यात महिला आणि वादळग्रस्त ही दोन्ही कारणे लिहा. तुम्ही वेळीप, गावडा किंवा कुणबी समाजाच्या असाल, तर अनुसूचित जमात हे तिसरे कारणही जोडा.

काणकोणच्या न्यायालयात जाऊन तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा. तिथे काम होत नसेल तर मडगावला दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जाण्याआधी १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला, तर कुठे जायचे ते तेच सांगतील. अर्ज साध्या कागदावर मराठीतही चालतो. लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगा आणि तिथल्या विधी स्वयंसेवकाकडून लिहून घ्या. वकील द्यायचा की नाही याचा निर्णय ७ दिवसांच्या आत व्हायला हवा. नकार आला तर तो लेखी मागा, प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे त्याविरुद्ध अपील करता येते.

मोफत म्हणजे फक्त वकिलाची फी माफ, असे नाही. कोर्ट फी, नोटिसांचा खर्च, दाखल्यांच्या प्रमाणित नकला, टंकलेखन, गरज असेल तर भाषांतर, हे सगळे प्राधिकरण भरते. वकिलाचे मानधनही तेच देते. नेमून दिलेल्या वकिलाने किंवा त्याच्या कारकुनाने ‘थोडा खर्च द्यावा लागेल’ म्हटले, तर एक पैसाही देऊ नका आणि प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो. अशी कामे रखडतात ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. माणूस अर्ज देऊन येतो आणि बोलावण्याची वाट पाहत बसतो. नेमणुकीचे पत्र हातात पडले की त्यावरचे वकिलाचे नाव पाहून त्याच आठवड्यात भेट घ्या आणि सगळे कागद एका फाईलमध्ये घालून न्या.

वकिलाकडून पहिले काम करून घ्यायचे ते मुंडकारपणाचे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराला स्वतःच्या मर्जीने तुम्हाला काढता येत नाही. काढायचेच असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, मामलेदारांसमोर रीतसर प्रकरण चालवूनच. मुंडकाराच्या घरचे लोकही या कायद्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे सासरे वारले म्हणून तुमचा हक्क बुडाला असे समजू नका. मामलेदार कार्यालयातल्या मुंडकार नोंदवहीत सासऱ्यांचे नाव आहे का ते पाहा आणि असेल तर प्रमाणित नक्कल घ्या. नाव नसेल तर मुंडकार ठरवून घेण्याचा अर्ज मामलेदारांकडेच करायचा असतो. हा विषय दिवाणी न्यायालयाचा नाही, त्यामुळे तिकडे दावा घालायला सांगणाऱ्याच्या मागे वेळ घालवू नका. पुरावा म्हणून जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीज बिले, मतदार यादीतला घर क्रमांक, शिधापत्रिका, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) घराची किंवा मुंडकाराची नोंद असेल तर ती, आणि शेजारच्या दोन वयस्क माणसांची प्रतिज्ञापत्रे, एवढे जमवा. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, पण तिथे कोण कधीपासून राहते ते सिद्ध होते, आणि तुम्हाला नेमके तेच दाखवायचे आहे.

तोपर्यंत घर रिकामे ठेवू नका. पडक्या खोलीत राहणे धोक्याचे असेल तर मागच्या खोलीत राहा, ताडपत्री घाला, चूल तिथेच पेटवा. सगळे नातेवाइकांकडे गेलात आणि महिन्याभराने परतलात, तर ‘हे जागा सोडून गेले’ असे भाटकार म्हणेल. नाईलाजाने जावेच लागले तर मामलेदारांना आणि पंचायतीला लेखी कळवून जा. घर धोकादायक झाल्याने तात्पुरते हललो आहोत, सामान घरातच आहे आणि दुरुस्ती होताच परतणार आहोत, असे त्यात स्पष्ट लिहा. भाटकाराने दुरुस्ती अडवली किंवा दमदाटी केली, तर त्याला मनाई करणारा हंगामी हुकूम वकिलाकडून मामलेदारांसमोर मागून घ्या.

पंचनाम्याबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण सरकारी मदतीची सगळी रक्कम त्यातल्या एका रकान्यावर ठरते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण उद्ध्वस्त घराला सपाट भागात १,२०,००० रुपये आहेत. अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,००० आणि तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. तुमच्या मातीच्या घराला ‘अंशतः’ लिहिले, म्हणजे हिशेब ४,००० वर आला. घर पूर्ण गेल्याचे मान्य झाले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० वेगळे. वादळाच्या तारखेला लागू असलेले दर कोणते, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून खात्री करा.

आता मामलेदारांकडे फेरपाहणीचा अर्ज द्या आणि त्याची प्रत उपजिल्हाधिकाऱ्यांना. पहिल्या पंचनाम्यावर सही केली म्हणून दार बंद होत नाही. पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला, तेव्हा भिंतीच्या फुगवट्याची दखल घेतली गेली नसेल, किंवा पावसाने ती नंतर आणखी सुटली असेल. मातीच्या भिंतीत हे नेहमी होते. वरचे छप्पर गेले की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत मुरते आणि आठ-दहा दिवसांनी भिंत खालून बसते. म्हणून अर्जात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याकडून तपासणी मागा. ‘भिंत भार पेलण्यास असमर्थ, घर राहण्यास अयोग्य’ असे त्याने लेखी दिले, तर ‘अंशतः’ बदलायला आधार मिळतो.

पाहणीला येणाऱ्यांसाठी मापे तयार ठेवा. घराची लांबी-रुंदी टेपने मोजा. गेलेल्या छपराचे चौरस मीटर काढा. माप घेता येत नसेल तर फुटलेली कौले मोजा. मंगळोरी कौले एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे ३०० कौले फुटली तर सुमारे २० चौरस मीटर छप्पर गेले. तुमचे घर ६० चौरस मीटरचे असेल तर हा तिसरा हिस्सा झाला, १५ टक्क्यांच्या कितीतरी वर. मोडलेले वासे आणि रिपा किती, तेही लिहा. भिंतीवर वरून ओळंबा सोडा आणि दोरी व भिंत यांच्यामधले अंतर पट्टी धरून फोटोत येईल असे टिपा. फुटकी कौले आणि माडाचे ओंडके पाहणी होईपर्यंत फेकू नका. ताडपत्री घातली असेल तर पाहणीच्या दिवशी ती काढून दाखवा. रस्त्यावरून पाहिले की निळ्या ताडपत्रीखाली घर शाबूत दिसते आणि तसेच लिहिले जाते.

नवा पंचनामा वाचून मगच सही करा. काही चुकीचे असेल तर सहीच्या वरच ‘अमुक नोंद मान्य नाही’ असे हाताने लिहा आणि तारीख घाला. आधीच्या पंचनाम्याची प्रत देत नसतील तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. प्रत मागा आणि प्रस्ताव कुठल्या तारखेला कुठे पाठवला तेही विचारा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नुकसान वाढवून मात्र लिहू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५२ खाली खोटा दावा हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पैसे मिळण्यात दोन अडचणी येऊ शकतात, त्या आताच ओळखून ठेवा. चक्रीवादळ केंद्र सरकारच्या आपत्तींच्या यादीत आहे, साधा वादळी वारा नाही. त्यासाठी राज्याने त्याला राज्यापुरती आपत्ती ठरवलेली असावी लागते. म्हणून अर्जाला त्या दिवसाचे हवामान खात्याचे इशारापत्रक जोडा आणि समुद्रातल्या वादळाला नाव दिलेले असेल, तर ते अर्जात लिहा. मे २०२१ मध्ये तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा हा प्रश्न नव्हता, पण दरवर्षीचे वादळ नाव घेऊन येत नाही. दुसरी अडचण म्हणजे घर अधिकृत असल्याचा दाखला. निकषांत तशी अट आहे. पंचायतीचा घर क्रमांक आणि मुंडकार नोंद दोन्ही दाखवा. भाटकाराच्या ना हरकत पत्राची मागणी झाली तर ‘मुंडकार नोंदीवर निर्णय द्यावा’ असे लेखी कळवा आणि ते पत्र वकिलाकडूनच जाऊ द्या.

सासऱ्यांच्या नावामुळे मदत अडू शकते, तेव्हा त्यांचा मृत्यू दाखला जोडा आणि सगळ्या वारसांची नावे लिहून द्या. मदत घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी आहे, ती तुमच्या खात्यात जमा करायला हरकत नाही, असे सासूबाई, दीर आणि नणंदा यांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले तर बहुतेक ठिकाणी पुरते. त्यात ‘हक्क सोडतो’ हे शब्द येऊ देऊ नका, फक्त मदतीच्या रकमेपुरतेच लिहा, नाहीतर घरात नवे भांडण उभे राहील. कायमचा वारसा दाखला किंवा वाटणीची इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीचे न्यायालयातले प्रकरण) हे नंतरचे काम आहे. त्यालाही मोफत वकील मिळतो.

मोटारसायकलची पॉलिसी काढून पाहा. फक्त थर्ड पार्टी असेल तर झाड पडल्याची भरपाई मिळणार नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल, तर वादळाने पडलेले झाड त्यात धरले जाते. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडू नका, दुरुस्त करू नका. ती अजून तशीच असेल तर आजच कंपनीला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. कळवायला उशीर का झाला, हे एका ओळीत सांगा. कंपनीने कमी रक्कम देऊन ‘पूर्ण आणि अंतिम’ पावतीवर सही मागितली तर लगेच करू नका. मनाने सही केलीत की पुढे भांडणे जड जाते. दावा नाकारला तर स्थायी लोक अदालतीत जा. विमा तिथे सार्वजनिक उपयोगितेची सेवा मानला जातो आणि कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली नाही तरी ती स्वतः निकाल देऊ शकते. विमा लोकपालाकडे जायचे असेल तर नकारापासून एका वर्षाच्या आत, ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत.

घरावर बँकेचे कर्ज असेल तर बँकेत जाऊन विचारा, कर्जासोबत घराचा विमा उतरवलेला असतो आणि घरच्यांना त्याची खबरही नसते. कुळागरातल्या पोफळी किंवा माड गेले असतील तर विभागीय कृषी कार्यालयात शेतकरी आधार निधीसाठी वेगळा अर्ज करा. तो पंचनामा वेगळा असतो, तलाठ्याच्या पंचनाम्यात तो धरला जात नाही. तुम्ही अनुसूचित जमातीत असाल तर आदिवासी कल्याण खात्यात अटल आसरा योजनेची चौकशी करा. ४,००० रुपयांत एक भिंतही उभी राहत नाही, घराच्या दुरुस्तीला खरा हातभार लागेल तो तिथूनच.

भिजलेले कागद चिकटले असतील तर ओढून सोडवू नका. सावलीत, पंख्याखाली, पाणी शोषणाऱ्या कागदांच्या थरांत ठेवा, निम्मे वाळले की ते सुटायला सोपे जातात. उन्हात घातले की शिक्क्याची शाई फिकी पडते. आधार पुन्हा डाउनलोड होते, जन्म-मृत्यूचे दाखले नोंद झालेल्या पंचायतीत मिळतात, एक-चौदा ऑनलाइन मिळते, पॉलिसीची प्रत कंपनी देते. मुंडकार नोंदीचा किंवा जुन्या घरपट्टीचा कागद मात्र मिळेल तसाच जपा, फाटका असला तरी, आणि त्याचे आजच फोटो काढा.

शेवटी बँक खाते. ते तुमच्या नावावर चालू आहे आणि आधारशी जोडलेले आहे का, ते शाखेत जाऊन पाहा. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेल्या खात्यात आलेली रक्कम परत जाऊ शकते. आधारवर गावकर आणि पासबुकावर गांवकर असेल तर इंग्रजी स्पेलिंगही बहुधा वेगळे असते. ते अर्ज देण्याआधी जुळवून घ्या, कारण पैसे परत गेले की तोच प्रस्ताव मामलेदार कार्यालयातून पुन्हा वर जायला महिने लागतात.